चाळीस उंदरांचं दुःख

डॉक्टर इनशिराहला चाळीस उंदीर दुःखी करायचे होते, आणि काही केल्या ते होत नव्हते.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? इजिप्तमधल्या तांत्यापासून तासाभरावरच्या आमच्या शहरात दुःखी व्हायला कुणाला कष्ट पडत नाहीत. सकाळी सरकारी कचेरीत एका शिक्क्यासाठी रांगेत उभं राहावं, दुपारी ‘उद्या या, इन्शाल्ला’ ऐकून घरी यावं, संध्याकाळपर्यंत चांगला धडधाकट माणूस भिंतीकडं तोंड करून बसतो. फुकटात. पण विज्ञानाला फुकटचं दुःख चालत नाही. त्याला मोजूनमापून दिलेलं लागतं, चाळीस जणांना सारखं वाटलेलं, आणि वर त्याची कागदावर नोंद.

हे दुःख वाटायचं काम बयूमीकडं होतं.

बयूमी मेडिकल कॉलेजच्या तळघरात जनावरं सांभाळायचा. अठ्ठावीस वर्षं झाली होती, पेन्शनीला दोन उरली होती. सगळं कॉलेज त्याला ‘अम्म बयूमी’ म्हणायचं, म्हणजे बयूमीकाका. तिसरीपर्यंत तो शाळेत गेला, चौथीत मास्तरच यायचे थांबले. आकडे यायचे, अक्षरं ओळखीची असली तर वाचायचा. पण कामाला पक्का. इमारतीतली चार घड्याळं चार वेळा दाखवायची, म्हणून बयूमीचं घड्याळ एकच, अजान. तळघराचे झरोके रस्त्याच्या पातळीला होते आणि फाटकाशेजारी मशीद. दुपारची अजान झाली की दाणा, तिसऱ्या प्रहरची झाली की पाणी, सूर्यास्ताला मगरिबची झाली की कुलूप. गव्हर्नर आला तरी बयूमीचा दाणा अजानीच्या आधी पडला नाही आणि नंतरही पडला नाही.

तर इनशिराहचा प्रयोग असा. पांढरे उंदीर ऐंशी. चाळिसांच्या पिंजऱ्यांवर हिरवं कार्ड, त्यांना काही करायचं नाही. चाळिसांवर लाल कार्ड, त्यांना सहा आठवडे त्रास द्यायचा. मारायचं-बिरायचं नाही, बारीकसारीक त्रास. पिंजरा कलता ठेवायचा. भुसा ओला करायचा. घरात परका उंदीर पाहुणा सोडायचा. दिवा मालवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कधी होणार ते उंदराला कळता कामा नये. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दोनदा लागोपाठ, कधी दोन दिवस काहीच नाही. अशानं उंदीर खचतो, माणसासारखा. मग औषध द्यायचं आणि बघायचं उठतो का.

“म्हणजे स्टाफच्या कचेरीसारखं,” बयूमी म्हणाला.

“अगदी तसंच, अम्म बयूमी,” इनशिराह म्हणाली. “फक्त तिथं शेवटी औषध मिळत नाही.”

ती हसली, पण हसण्यात जीव नव्हता. छत्तीस वर्षांची बाई, नवरा कुवेतला, घरी दोन पोरं, सकाळी दवाखाना, दुपारी वर्गावर शिकवणं. डॉक्टरेटची पाच वर्षं संपली होती, वरची मुदतही संपत आली होती. नियम असा की मुदतीत प्रबंध नाही दिला तर शिकवायची खुर्ची जाते आणि बाईला कचेरीत कारकुनी करायला बसवतात, जन्मभर. तेव्हा ते उंदीर दुःखी होणं तिला फार गरजेचं होतं. तिनं बयूमीच्या हातात वेळापत्रक दिलं आणि पळाली, कारण वर्गाला उशीर झाला होता.

बयूमीनं कागद उजेडात धरला. रविवारी अकरा वीस. सोमवारी काही नाही. मंगळवारी नऊ पाच, परत नऊ चाळीस. बुधवारी सव्वातीन. त्याला कसंतरीच झालं. अठ्ठावीस वर्षांत एवढा विस्कटलेला कागद त्यानं बघितला नव्हता. पोर बिचारी दमलीय, त्याला वाटलं, घाईत आकडे इकडचे तिकडं झालेत. तिला विचारावं तर शरमेल. म्हणून तिची अब्रू राखायला त्यानं ते न सांगता नीट लावलं. दुपारच्या अजानीला पिंजरे कलते. तिसऱ्या प्रहरी भुसा ओला. मगरिबला पाहुणा आत, आणि दिवा तसाच जळता ठेवून घरी. रोज. एक दिवस चुकवला नाही. तापात आला, आत्याच्या मयताच्या दिवशीही मयत उरकून आला.

पिंजरे कलते करायला खाली काहीतरी जाड लागायचं. कोपऱ्यात जुन्या प्रबंधांच्या थप्प्या होत्या, चामडी बांधणीच्या, सोनेरी अक्षरांच्या. ते त्यानं वापरले. त्या प्रबंधांचा जगाला झालेला तो पहिला उपयोग.

आणि पाणी ओतताना आमच्याकडं गुपचूप कोणी ओतत नाही. मोरीत गरम पाणी सोडायचं तरी बाई आधी ‘दस्तूर’ म्हणते, म्हणजे खाली जे कोणी असतील-नसतील त्यांनी बाजूला व्हावं, उगाच पोळायला नको. बयूमीच्या आईनं त्याला चालायच्या आधी हे शिकवलं होतं. तेव्हा रोज तिसऱ्या प्रहरी हातात चंबू घेऊन तो म्हणायचा, “दस्तूर, मंडळी! पाणी येतंय!” मग जरा थांबायचा. सभ्य माणूस थांबतो तेवढं. मग ओतायचा.

सहा आठवडे झाले. परीक्षा आली.

डॉक्टर लोकांची दुःख ओळखायची रीत साधी आहे. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी, एकीत साखरेचं. सुखी उंदीर साखरेचं पितो. दुःखी उंदराला गोडाचं काही वाटत नाही, तोंडाला येईल ते पितो. हे ऐकून बयूमीनं आपल्या चहाच्या पेल्यातल्या चार चमचे साखरेकडं बघितलं.

“म्हणजे डॉक्टर, आख्ख्या इजिप्तमध्ये दुःखी कोणीच नाही.”

दुसरी रीत पोहण्याची. काचेच्या उंच भांड्यात पाणी भरायचं, उंदीर सोडायचा आणि तो हातपाय मारायचं कधी सोडतो ते बघायचं. लवकर सोडलं तर तो निराश.

“निराश कशावरून?” बयूमी म्हणाला. “मीसुद्धा पहिल्या वर्षी स्टाफच्या कचेरीत ओरडायचो. आता नुसता तरंगतो. त्याला अनुभव म्हणतात.”

“अम्म बयूमी, घड्याळाकडं बघू द्या.”

तिनं घड्याळाकडं बघितलं, आणि बघतच राहिली. लाल कार्डवाले, ज्यांना सहा आठवडे छळलं होतं, ते लग्नातल्या पाहुण्यांसारखे साखरपाण्यावर तुटून पडले. काचेच्या भांड्यात सोडले तर पोहतायत, पोहतायत, थांबायचं नाव नाही. आणि हिरवे, ज्यांच्या केसाला धक्का लागला नव्हता, ते साखरेकडं ढुंकून बघेनात. पाण्यात सोडले की जरा हात मारायचे आणि मग डोळे मिटून तरंगायचे, पेन्शनीला आलेल्या कारकुनासारखे.

हिरव्यांचंही कारण होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या खोलीच्या वरच डीनसाहेबांची खोली. परदेशी पाहुणे यायचे म्हणून तिथं संगमरवर बसवणं चाललं होतं. गवंडी मनात येईल तेव्हा यायचे. दोन दिवस गायब, मग एकदम सकाळी सातला यंत्र लावून छत हादरवायचे, परत चहाला गेले की संध्याकाळी उगवायचे. डॉक्टरबाईंच्या कागदावर जे लिहिलं होतं ते त्या गवंड्यांनी न वाचता तंतोतंत पाळलं.

इनशिराह स्टुलावर बसली. “माझ्या हातून काहीही होत नाही,” ती म्हणाली. “साधे उंदीर रडवता येत नाहीत मला.”

मुदतीला बारा दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात ती गोष्ट बाहेर फुटली. झाडूवाल्यानं तिसऱ्या प्रहरी तळघरात डोकावून बघितलं होतं. अजान सुरू झाली आणि लाल कार्डचे चाळीसच्या चाळीस उंदीर मागच्या पायांवर उभे राहून जाळीला चढले. त्यानं चहावाल्याला सांगितलं. चहावाल्यानं सांगितल्यावर वर्तमानपत्रात छापायची गरज उरत नाही. दुसऱ्या दिवशी तळघराच्या दारात पन्नास माणूस. मेडिकल कॉलेज हो, अशिक्षित कोणी नाही. एक औषधवाला आपल्या आईला खुर्चीत बसवून घेऊन आला होता, तिचे गुडघे दुखायचे. एक तरुण डॉक्टर डोळे पुसत होता. दोन परिचारिका भांडत होत्या, की उंदरांचं तोंड किब्ल्याकडं, म्हणजे मक्केच्या दिशेला, होतं का नव्हतं.

“मागं व्हा! जनावरांना वारा लागू द्या!” बयूमी ओरडत होता. त्याला यातलं काही नवल वाटत नव्हतं. उंदीर वर चढतात हे त्याला महिनाभर ठाऊक होतं. पाय ओले कोणाला आवडतात?

शेवटी मशिदीच्या शेख मुतवल्लींना बोलावलं. लोकांना वाटलं, मौलाना दोन शब्द बोलतील, डोळे भरतील, कदाचित काही वर्गणी निघेल. शेख मुतवल्लींनी घरच्या गच्चीवर कबुतरं पाळली होती, चाळीस वर्षं. ते खाली आले, चष्मा लावला, उंदरांकडं बघितलं, मग बयूमीच्या हातातल्या चंबूकडं बघितलं.

“हे काय आहे, बयूमी?”

“चंबू, मौलाना.”

“ते दिसतंय. कशाला?”

“भुसा ओला करायला.”

“कधी करतोस?”

“अजानीला.”

“रोज?”

“रोज. चुकवीन कसा?”

शेखांनी मान हलवली. आत्ता सकाळचे अकरा वाजले होते, अजानीला वेळ होता. “ओतायच्या आधी ‘दस्तूर’ म्हणत असशील ना? तसं आता म्हण बरं.”

“दस्तूर, मंडळी!” बयूमी म्हणाला. “पाणी येतंय!”

चाळीसच्या चाळीस उंदीर जाळीवर चढले. गर्दीतून ‘अल्ला!’ असा आवाज आला.

“थांबा,” शेख म्हणाले, “अल्लाला अजून मध्ये आणू नका.” ते पलीकडं हिरव्या कार्डांच्या खोलीत गेले, बयूमीला तिथंही तेच म्हणायला लावलं. एकही हलला नाही. “यांना पाणी घालतोस?”

“नाही, मौलाना. यांना काहीच करायचं नाही.”

शेख परत फिरले आणि लोकांना म्हणाले, “हे उंदीर नमाज पढत नाहीत. पाय कोरडे ठेवतायत. अक्कल आहे त्यांना. तुम्हीही दाखवा, आपापल्या कामाला जा. आणि आजी, तुमच्या गुडघ्यांना वरच्या मजल्यावर हाडांचा डॉक्टर आहे, पोराला तिथं न्यायला सांगा.”

मोठमोठ्या पदव्यांची पन्नास माणसं तिथं उभी होती. प्रयोग केला तो कबुतरवाल्यानं.

गर्दी पांगली तेव्हा दारात एकटी इनशिराह उरली. सगळं ऐकलं होतं तिनं. चेहरा भुशासारखा झाला होता.

“अम्म बयूमी, मी दिलेला कागद?”

त्यानं खिशातून काढला. घडी नीट होती.

“त्यातल्या वेळा…”

“वेळा बिघडल्या होत्या, डॉक्टर. मी नीट लावल्या. तुम्हाला बोललो नाही, म्हटलं कशाला लाजवा.”

तिनं कागद उलगडून बघितला. मग तिनं हळूहळू सांगितलं, की त्या वेळा बिघडवायलाच तिला दोन दिवस लागले होते. की तोच तर सगळा प्रयोग होता. त्रास असा नव्हता द्यायचा की त्याची वाट बघता येईल, त्याच्यासाठी पाय उचलता येईल. बयूमी ऐकत होता आणि त्याच्या पायाखालची फरशी एकेक करून सरकत होती. या पोरीची सहा वर्षं त्यानं स्वतःच्या हातानं, रोज तीन वेळा, बिनचूक बुडवली होती.

“मला शिव्या द्या,” तो म्हणाला.

“शिव्या कशाला?” ती म्हणाली, आणि एकदम तिचे डोळे चमकले. “अम्म बयूमी, तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत? त्रास तेवढाच दिला. पाणी तेवढंच, कलतं तेवढंच. फक्त सांगून दिला. आणि ते खचले नाहीत! उलट हातपाय मारतायत! हे माझ्या प्रयोगापेक्षा मोठं आहे हो.”

ती तशीच धावत प्राध्यापक फिक्रींकडं गेली. बयूमी मागोमाग, चंबूसकट.

प्राध्यापक फिक्री नैराश्याचे मोठे जाणकार. तीस वर्षं त्यावर बोलत होते, ऐकणाऱ्यांनाही थोडं थोडं यायला लागायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटं जुळवली.

“छान. पण तुझ्या प्रबंधाचं नाव काय नोंदवलंय? ‘अनियमित त्रासाचा परिणाम.’ हे तर नियमित झालं. नाव बदलायला समिती लागते. समिती बसते तीन महिन्यांनी. तुझ्याकडं आहेत बारा दिवस.”

“मग काय करू, सर?”

“सोपं आहे. दुःखी उंदीर आहेत ना तुझ्याकडं? आहेत. सुखी आहेत ना? आहेत. फक्त कार्डं चुकीच्या पिंजऱ्यांवर आहेत.” त्यांनी बयूमीकडं बघितलं. “कार्डं बदलायला किती वेळ लागेल रे?”

“पाच मिनिटं, पाशा.” मोठ्या साहेबाला आमच्याकडं पाशाच म्हणतात.

“झालं तर मग. उंदरांना ओळखपत्र नसतं, इनशिराह.”

ती उभीच राहिली. बयूमीला तिच्या मानेची शीर दिसत होती. ‘हो म्हण’, त्याला वाटलं, ‘हो म्हण पोरी, पाच मिनिटं तर आहेत’.

“नाही जमणार, सर,” ती म्हणाली. “मग सहा वर्षं उंदीर कशाला पाळले? घरी बसूनच आकडे लिहिले असते.”

“पुष्कळ जण तेच करतात,” फिक्री शांतपणे म्हणाले. “बरं. मग नियमात एकच वाट आहे. जनावरघरात साथ आली, पूर आला, किंवा सांभाळणाऱ्यानं हलगर्जी केली, तर सहा महिने मुदत आपोआप वाढते, आणि नाव बदलायचा अर्जही त्यातच जातो. पण साथ नाही. पूर नाही. आणि आपलं दुर्दैव असं की बयूमीनं हलगर्जी केलेली नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बयूमी धुतलेला सदरा घालून कायदा विभागात गेला. तिथं उस्ताद वहबा, म्हणजे वहबासाहेब, बसायचे. त्यांच्यासमोर तीन फायली आणि ‘फूल’ भरलेली अर्धी भाकरी होती. फूल म्हणजे आमच्याकडचं उकडलेल्या घेवड्याचं कालवण, सरकारी काम त्याच्यावरच चालतं.

“मला जबाब द्यायचाय,” बयूमी म्हणाला. “मी हलगर्जी केली.”

वहबांनी घास थांबवला. या विभागात तीस वर्षांत कोणी आपणहून आलं नव्हतं. “काय केलंस?”

“उंदरांना त्रास द्यायचा होता, तो रोज वेळेवर दिला.”

“मग ही हलगर्जी कशी?”

“अवेळी द्यायचा होता.”

वहबांनी कपाळ चोळलं. “हे बघ बयूमी, वेळेवर काम केलं म्हणून मी तुला शिक्षा लिहिली तर उद्या माझी चौकशी लागेल. फॉर्मवर चारच कारणं आहेत. गैरहजर होतास?”

“एक दिवस नाही.”

“चोरी केलीस?”

“तोबा!”

“वरिष्ठांशी भांडलास?”

“अजून नाही.”

“मग राहिली झोप. कामावर झोपलास?”

बयूमीनं सदऱ्याची बाही सारखी केली. अठ्ठावीस वर्षांत तो कामावर पेंगलासुद्धा नव्हता. इमारतीत टेबलावर डोकं टेकून घोरणारी माणसं मजल्यागणिक होती, त्यांची नावं त्याला पाठ होती, त्यांतल्या दोघांना बढती मिळाली होती. त्याच्या सर्व्हिस बुकात एक डाग नव्हता. पेन्शनीच्या दिवशी ते पुस्तक बायकोसमोर, सनिय्यासमोर, वाचून दाखवतील असं त्याच्या मनात होतं. वेडेपणा असेल, पण होतं.

“किती झोप लिहावी लागेल?” त्यानं विचारलं.

“सहा आठवडे.”

“लांबली जरा.”

“थोडकी झोप लिहिली तर मुदत मिळणार नाही तिला.” वहबांना सगळं ठाऊक होतं, आमच्याकडं भिंतींना नुसते कान नसतात, जीभही असते. त्यांनी पेन पुढं केलं. “साक्षीदार कोण?”

“उंदीर,” बयूमी म्हणाला, आणि सही केली. सही त्याला येत होती. तेवढं मास्तरांनी शिकवलं होतं.

दोन कागद निघाले. एक इनशिराहला, सहा महिने वाढीव. दुसरा बयूमीला, कामावर झोपल्याबद्दल फाटकावर बदली, आणि तळघरात पाऊल ठेवायचं नाही.

इनशिराह फाटकावर आली ती तणतणत. “हे काय केलंत? कोणी सांगितलं होतं? मी तुमचं नाव लिहिणार होते प्रबंधात, या माणसाला हे सुचलं म्हणून! आता कागद म्हणतो तुम्ही झोपला होता. झोपला होता म्हणजे त्रास दिलाच नाही. दिलाच नाही म्हणजे मला काही सापडलंच नाही! पुसून टाकलंत सगळं!”

“सापडलंय ना एकदा?” बयूमी म्हणाला. “मग परत सापडेल. किल्ली हरवली तर माणूस परत शोधतोच की. कारकून झालीस की मग काय शोधशील?”

पहिल्यांदाच त्यानं तिला ‘तू’ म्हटलं होतं. ती फाटकाच्या कठड्यावर बसली, रडली, मग नाक पुसून म्हणाली, “चहा आहे का?”

नवे उंदीर आले, या वेळी एकशेवीस. चाळिसांना काही नाही, आणि ते मागच्या आवारात, कारण डीनसाहेबांचा संगमरवर पाहुण्यांना नापसंत पडल्यानं परत उखडणं चालू झालं होतं. चाळिसांना अवेळी त्रास. त्या कामाला नवीन नेमलेला नोकर अगदी योग्य निघाला, तो कधी येईल आणि काय करेल हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. विज्ञानाला एवढा सोयीचा माणूस कधी मिळाला नसेल. आणि चाळिसांना तेवढाच त्रास, पण सांगून.

सांगणार कोण? इनशिराहनं स्वतः सांगून बघितलं. पण तिचा आवाज वर्गात बोलून बसलेला आणि वेळ कधी पाच मिनिटं पुढं, कधी मागं. तेव्हा असं ठरलं. तळघरात पाऊल ठेवायचं नाही असा हुकूम होता, आवाज ठेवायचा नाही असा नव्हता. झरोका फाटकापासून वीस पावलांवर. अजान झाली की बयूमी उठायचा, झरोक्याशी उकिडवा बसायचा आणि आत तोंड घालून म्हणायचा, “दस्तूर, मंडळी!” खाली इनशिराह त्या वेळचा त्रास द्यायची, कधी पिंजरा कलता, कधी पाणी, कधी पाहुणा.

येणारे-जाणारे बघायचे. म्हातारा रोज तीन वेळा जमिनीशी बोलतो. लोक हळहळले. ‘बदली मनाला लागली बिचाऱ्याच्या.’ औषधवाला एक पुडी देऊन गेला. एक दिवस खुद्द प्राध्यापक फिक्रींनी गाडी थांबवली, बयूमीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, म्हणाले, “नैराश्य आहे. सुरुवात आहे. रात्री एक घे,” आणि गोळ्यांचं पाकीट हातावर ठेवलं.

“पाशा, मी चहात चार चमचे साखर घालतो,” बयूमी म्हणाला.

“हेही लक्षण असू शकतं,” फिक्री म्हणाले आणि गेले.

वसंतात, खमासीनचे धुळीचे वारे सुरू झाले त्या आठवड्यात, इनशिराहचा प्रबंध तपासणीला आला. उंदरांनी या वेळी जे करायला हवं तेच केलं. ज्यांना न सांगता छळलं ते खचले. ज्यांना सांगून छळलं ते पोहत राहिले. कैरोहून आलेल्या तपासनीसानं दोन तास उलटसुलट विचारलं, शेवटी टाळ्या वाजवल्या. पदवी मिळाली. खुर्ची राहिली. लेख छापून आला तेव्हा पहिलं नाव प्राध्यापक फिक्रींचं होतं, कारण मार्गदर्शन त्यांचं.

ती बसबूशाचा डबा घेऊन फाटकावर आली. पाकात भिजलेले रव्याचे तुकडे, एकेकावर एक बदाम. बयूमीनं दोन खाल्ले, तिसरा सनिय्यासाठी रुमालात बांधला.

“आता तुमचं ते झोपेचं प्रकरण निस्तरू,” ती म्हणाली. “मी उद्याच वहबांकडं जाते. लिहून देते, की हा माणूस एक दिवस झोपला नाही.”

बयूमीनं रुमालाची गाठ पक्की केली. “आणि मग?”

“मग काय? तुमचं पुस्तक साफ.”

“मी जागा होतो म्हटलं की हलगर्जी नव्हती. हलगर्जी नव्हती की मुदत नव्हती. मुदत नव्हती की पदवी नाही.” त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. “मी तिसरी शिकलोय, तू डॉक्टर. हे मी तुला सांगायचं?”

तिनं डब्याचं झाकण लावलं. हिशेब तिलाही कळला होता. कधीच कळला असेल, पण कुणीतरी तो मोठ्यानं करायला हवा होता.

“म्हणजे जन्मभर तुमच्या नावावर ते…”

“जन्मभर कसलं? दोन वर्षांतलं एक गेलंच. सनिय्याला मी सांगितलंय खरं. ती म्हणाली, घरात तरी कुठं झोपतोस, रात्रभर खोकतोस. जा आता, वर्गाला उशीर होईल.”

ती गेली. जाताना दोनदा वळून बघितलं. बयूमीनं हात हलवून तिला हाकललं, जशी कोंबडी हाकलतात.

तेवढ्यात प्राध्यापक फिक्रींची गाडी फाटकाशी आली. त्यांना परदेशी सभेत त्या लेखावर बोलायला जायचं होतं, घाई होती. दोनदा भोंगा वाजवला. बयूमी रुमाल जपून बाकावर ठेवत होता, त्याला क्षणभर वेळ लागला. फिक्रींनी काच खाली केली.

“बयूमी! जागा आहेस ना रे?”

“नाही पाशा,” बयूमी म्हणाला, आणि अडसर उचलला. “झोपलोय. सरकारी कागद आहे तसा.”